२ मार्च : एक तारीख, दोन सत्याग्रह

#दिनविशेष #नाशिक #इतिहास #धागा

१/
नाशिकच्या द्वारका चौकात दोन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात. एक मुंबईहून येऊन धुळ्यामार्गे आग्र्याकडे जाणारा, दुसरा पुण्याकडे निघणारा. आग्रा रस्त्याने पुढे जाऊन गोदावरी ओलांडली की पंचवटी लागते आणि तेथे काळाराम मंदिर आहे. पुणे रस्त्याने गेले की नाशिकरोड येते. तेथे रेल्वेस्थानक आहे आणि मध्यवर्ती कारागृहही. मंदिर आणि कारागृह या दोन वास्तू वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. आजची कथा या दोहोंमधील अंतराची आहे.

२/
आज २ मार्च. दिनविशेषाच्या यादीत या तारखेसमोर बरेच काही सापडते. १९३१ साली मिखाईल गोर्बाचेव्ह यांचा जन्म. १९६९ साली कॉनकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाचे फ्रान्समधील तुलूज येथून पहिले उड्डाण. १९८६ साली मराठी रंगभूमीवरील लोकप्रिय नट डॉ. काशिनाथ घाणेकर यांचे अमरावतीत निधन. १९४९ साली सरोजिनी नायडू यांचे लखनौ येथे निधन. त्या वेळी त्या संयुक्त प्रांताच्या राज्यपाल होत्या.

३/
याच यादीत १९३० या वर्षासमोर दोन नोंदी असायला हव्यात. त्या वर्षी २ मार्चला रविवार होता. त्या एका दिवशी साबरमतीच्या आश्रमातून महात्मा गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना एक पत्र लिहिले. आणि त्याच दिवशी नाशिकमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दोन्हीकडे शब्द एकच होता, सत्याग्रह. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की त्या शब्दाचा आवाका कळतो.

४/
आधी साबरमतीचे पत्र. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या अधिवेशनात काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला होता आणि २६ जानेवारी १९३० रोजी देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. पुढचे पाऊल काय, हे गांधींनी या पत्रात व्हाइसरॉयना आधीच कळवले. पत्र घेऊन दिल्लीला गेला तो रेजिनाल्ड रेनॉल्ड्स नावाचा तरुण इंग्रज. ब्रिटिश राज्याला आव्हान देणारे पत्र एका इंग्रजाच्याच हाती पाठवण्यामागे हेतू होता: भांडण इंग्रज माणसाशी नाही, राज्यपद्धतीशी आहे.

५/
पत्रातला एक हिशेब फार बोलका आहे. व्हाइसरॉयचा पगार महिन्याला एकवीस हजार रुपयांवर. सामान्य भारतीयाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. म्हणजे पाच हजार पटींहून अधिक तफावत. आणि ज्या रयतेची कमाई इतकी तुटपुंजी, तिच्या मिठावरही कर. गरिबाच्या दृष्टीने हा कर सर्वांत अन्याय्य, असे गांधींनी लिहिले आणि मागण्या मान्य न झाल्यास सहकाऱ्यांसह मिठाचा कायदा मोडू, असे स्पष्ट सांगितले. उत्तरादाखल व्हाइसरॉयच्या चिटणिसाकडून खेद व्यक्त करणाऱ्या चार ओळी आल्या. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली.

६/
आता नाशिक. पण २ मार्चची सकाळ समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात एक ठराव संमत करून घेतला. सरकारी खर्चाने बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, तलाव, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले असावेत, असा त्याचा आशय. ठराव कागदावर आला. गावोगावच्या पाणवठ्यांवर त्यामुळे फारसे काही बदलले नाही.

७/
ठरावाचा अर्थ प्रत्यक्षात पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर झाला. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी चळवळ झाली. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यात पर्वतीच्या देवस्थानासाठी सत्याग्रह सुरू झाला. देशाच्या दक्षिण टोकाला वैकोमचा सत्याग्रह १९२४-२५ मध्ये होऊन गेला होता; तेथे प्रश्न मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याचा होता. पाणी, रस्ता, देऊळ. मागणीची वस्तू बदलत होती, मागणी तीच होती.

८/
मग नाशिकच का? पंचवटी हे रामाच्या वनवासाशी जोडलेले तीर्थ. येथील काळाराम मंदिर पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात बांधले. भोवती उंच तट, चार दिशांना चार दरवाजे. गोदाकाठी येणारा यात्रेकरू या मंदिरात जातोच. तेथे रामाचे नाव घेणाऱ्या, रामनवमीचा उपवास धरणाऱ्या हजारो कुटुंबांना मात्र तटाच्या बाहेरूनच हात जोडावे लागत. अशा ठिकाणी उभा केलेला प्रश्न साऱ्या महाराष्ट्राला ऐकू जाणार होता.

९/
पण नाशिकची निवड केवळ स्थळामुळे झाली नाही, माणसांमुळेही झाली. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी सत्याग्रहाची समिती स्थापन केली होती आणि तिचे चिटणीस होते भाऊराव कृष्णराव गायकवाड. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी जन्मलेले हे गृहस्थ पुढे दादासाहेब गायकवाड म्हणून ओळखले गेले. सत्याग्रहाच्या वेळी त्यांचे वय होते अवघे सत्तावीस. त्यांच्यासोबत अमृतराव रणखांबे, पां. ना. राजभोज आदी मंडळी होती.

१०/
२ मार्च १९३०, सकाळ. खास उभारलेल्या मंडपात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. सुमारे पंधरा हजारांचा समुदाय जमल्याचे वर्णन मिळते. मुंबईहून आगगाडीने येणाऱ्याला नाशिकरोडला उतरून शहरात यावे लागे. जिल्ह्याच्या खेड्यांतून येणारे बैलगाड्यांनी अथवा पायी येत. आज मोटारींच्या गर्दीने घुसमटणाऱ्या या परिसरातून तेव्हा चालत आलेल्यांचे पाय जात असतील, एवढे चित्र आपण डोळ्यांपुढे आणू शकतो.

११/
त्या दिवशी बाबासाहेब जे बोलले त्याचा आशय आजही विचारात पाडतो. मंदिरात शिरल्याने आपले सर्व प्रश्न सुटतील असे नाही, हे त्यांनी आरंभीच सांगितले. आपले प्रश्न राजकीय आहेत, सामाजिक आहेत, धार्मिक आहेत, आर्थिक आहेत, शिक्षणाचे आहेत. हा सत्याग्रह म्हणजे हिंदू मनाला केलेले आवाहन आहे. माणसाला माणूस म्हणून मान्य करण्यास हे मन तयार आहे की नाही, याची ही कसोटी आहे.

१२/
दुपारी तीनच्या सुमारास लोक पुन्हा जमले आणि मिरवणूक निघाली. जवळपास मैलभर लांबीची. एवढी मोठी मिरवणूक नाशिकने तोवर पाहिली नव्हती. अग्रभागी वाद्यवृंद, मागे बालवीरांचे पथक, त्यामागे सुमारे पाचशे स्त्रिया आणि मग रांगेने चालणारा अफाट जनसमुदाय. एवढ्या संख्येने बायका त्या दिवशी उघड रस्त्यावर, एका धर्मस्थळाच्या दिशेने, हक्क मागायला निघाल्या होत्या.

१३/
येथे शेजारच्या नोंदीकडे एकदा पाहू. दहा दिवसांनी साबरमतीहून गांधींसोबत निघालेल्या निवडक अठ्ठ्याहत्तर सत्याग्रहींत एकही स्त्री नव्हती. याबद्दल त्या काळीही नाराजी व्यक्त झाली आणि पुढे मिठाच्या लढ्यात हजारो स्त्रिया उतरल्या, तुरुंगात गेल्या. तुलना कमीजास्त ठरवण्यासाठी केलेली नाही. पण १९३० च्या वसंतात स्त्रिया सत्याग्रहात केव्हा आल्या, असा प्रश्न विचारला तर उत्तर शोधताना २ मार्चचे नाशिक वगळता येत नाही.

१४/
मिरवणूक मंदिराच्या पूर्व दरवाजाशी पोहोचली. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, शहर दंडाधिकारी आधीच हजर होते. मंदिराचे सर्व दरवाजे बंद होते. जमाव प्रचंड होता, दरवाजे लाकडाचे होते. पण कोणी ते फोडायला धावले नाही. मिरवणूक वळली, गोदावरीच्या घाटावर गेली आणि तेथे तिची सभा झाली. रात्री अकराच्या सुमारास नेत्यांनी बसून निर्णय घेतला: उद्यापासून दरवाजांसमोर अहिंसक धरणे.

१५/
३ मार्चच्या सकाळी पहिली तुकडी बसली. सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया, चार दरवाजांवर वाटून. त्यांच्यामागे आपली पाळी येण्याची वाट पाहणारे हजारो स्वयंसेवक. तुकड्या भजने म्हणत बसत. दरवाजा उघडला की आत जायचे आणि अडवले तर प्रतिकार न करता पुन्हा बसायचे, असा हा कार्यक्रम. पोलीस अधीक्षकांनी मंदिरासमोर तंबू ठोकून आपली कचेरीच तेथे आणली. दरवाजे बंद राहिल्याने इतर भाविकांचेही दर्शन थांबले.

१६/
या चित्रातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. दांडीच्या वाटेवर सत्याग्रही आणि सरकार समोरासमोर होते. मध्ये कोणी नव्हते. नाशिकमध्ये सत्याग्रहींसमोर होता स्वतःचाच धर्मबंधू, आणि सरकार रूढीच्या रक्षणासाठी पहारा देत होते. परकीय सत्तेचा कायदा मोडण्यासाठी धैर्य लागते. आपल्याच गावच्या शेजाऱ्याने, सावकाराने, दुकानदाराने पाळलेली चाल मोडण्यासाठी लागणारे धैर्य निराळ्या जातीचे असते. कारण संध्याकाळी परत जायचे असते ते त्याच गावात.

१७/
आणि गावाने किंमत वसूल केली. नाशिक परिसरातल्या खेड्यांत सत्याग्रहींच्या कुटुंबांना बहिष्काराला तोंड द्यावे लागले. मुलांना शाळेत मज्जाव, रस्त्यांवर अडवणूक, दुकानात वाणसामान नाकारणे. इतिहासाच्या पुस्तकात सत्याग्रहाची तारीख येते, नेत्याचे नाव येते. मीठमिरची मिळाली नाही म्हणून ज्या घरात त्या आठवड्यात अळणी जेवण झाले असेल, त्या घराची नोंद कोठे होत नाही. मिठाच्या त्याच वर्षात नाशिकच्या खेड्यांत मीठ नाकारले जात होते, हे विसरता कामा नये.

१८/
६ एप्रिल १९३०. दांडीच्या किनाऱ्यावर गांधींनी मीठ उचलले. तीन दिवसांनी, ९ एप्रिलला, नाशिकमध्ये रामनवमीनंतरचा रथोत्सव होता. दोन्ही पक्षांत तडजोड झाली होती की दोहोंकडील माणसांनी मिळून रथ ओढावा. हजारो लोक जमले. मात्र सत्याग्रहींचा हात दोराला लागण्याआधीच रथ वेगाने पुढे पळवण्यात आला. पाठोपाठ दगडफेक झाली आणि अनेक सत्याग्रही जखमी झाले. पोलिसांचे कडे भेदून रथापर्यंत पोहोचलेला कद्रेकर नावाचा तरुण रक्तबंबाळ होऊन कोसळला.

१९/
त्या आठवड्यात साऱ्या देशाचे डोळे गुजरातच्या किनाऱ्याकडे होते, आणि ते स्वाभाविक होते. महाराष्ट्रातही शिरोड्याला १२ मे रोजी मिठाचा सत्याग्रह झाला. सोलापुरात मे महिन्यात लष्करी कायदा पुकारला गेला. जेथे समुद्र नव्हता तेथे जंगल सत्याग्रह झाले. २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरमध्ये गोळीबार झाला. या गदारोळात पंचवटीच्या चार दरवाजांवर बसलेल्या तुकड्यांची बातमी मागे पडत गेली. सत्याग्रह मात्र थांबला नाही. तो वर्षामागून वर्षे, सुमारे साडेपाच वर्षे चालला.

२०/
बाबासाहेबांची वाटचाल त्या काळात अनेक दिशांना होत होती. नोव्हेंबर १९३० मध्ये ते लंडनच्या गोलमेज परिषदेत होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्यानंतर मंदिर प्रवेश हा विषय राष्ट्रीय चर्चेच्या अग्रभागी आला. गांधींनी अस्पृश्यता निवारणाचे काम हाती घेतले. पण १४ फेब्रुवारी १९३३ रोजी मंदिर प्रवेशाच्या विधेयकावर बाबासाहेबांनी जे निवेदन दिले, त्यात पाठिंबा नव्हता. अस्पृश्यता हे पाप आहे असे जे विधेयक म्हणत नाही, त्याला होकार कसा द्यावा, हा त्यांचा प्रश्न होता.

२१/
३ मार्च १९३४ रोजी, म्हणजे सत्याग्रहाला चार वर्षे पूर्ण झाली त्याच सुमारास, त्यांनी भाऊराव गायकवाडांना पत्र लिहिले. रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करावा का, असे गायकवाडांनी विचारले होते. उत्तराचा भावार्थ असा: आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून मी ही चळवळ सुरू केली नव्हती. आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी, त्यांच्यात चैतन्य यावे, यासाठी ती होती. तो हेतू साधला आहे. आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी.

२२/
या पत्रावर दोन प्रकारे बोलता येते. दरवाजा उघडला नाही, तेव्हा सत्याग्रह फसला, असे कोणी म्हणेल. दुसरे असे की ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दरवाजापासून दूर उभे राहण्याची सवय लावली होती, तो समाज दरवाजासमोर येऊन बसायला शिकला. त्याने समिती चालवली, तुकड्या रचल्या, वर्गणी गोळा केली, दगड खाऊन हात उचलला नाही. ही शिस्त पुढे कामी आली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांसाठी जे मोठे सत्याग्रह केले, त्यांची पहिली शाळा पंचवटीत भरली होती.

२३/
१३ ऑक्टोबर १९३५. नाशिक जिल्ह्यातलेच येवले. तारखांच्या अभ्यासकाला येथे थबकावे लागते, कारण सहा वर्षांपूर्वी याच तारखेला पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला होता. येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मी मरणार नाही. त्या महिन्यात काळाराम सत्याग्रहाची समाप्ती झाली. २ मार्च १९३० रोजी विचारलेल्या प्रश्नाला साडेपाच वर्षे उत्तर मिळाले नाही, तेव्हा प्रश्नकर्त्याने प्रश्नच बदलला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर त्याचे उत्तर मिळाले.

२४/
आता द्वारकेच्या दुसऱ्या रस्त्याने नाशिकरोडला जाऊ. कायदेभंगाच्या काळात तेथील कारागृह राजबंद्यांनी भरले होते. त्यांत एक शिक्षक होते, पांडुरंग सदाशिव साने. सत्याग्रहात उतरून त्यांनी १९३० मध्येच पहिला तुरुंगवास भोगला होता. नाशिकच्या या कारागृहात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. दुसऱ्याच दिवशी, १४ फेब्रुवारीला, बाबासाहेबांचे वर उल्लेखिलेले निवेदन प्रसिद्ध झाले. एका आठवड्यात दोन लेखण्या चालल्या होत्या आणि त्यांची एकमेकींशी गाठ नव्हती.

२५/
ती गाठ पडायला चौदा वर्षे जावी लागली. स्वातंत्र्य दाराशी आले असताना साने गुरुजींना एक प्रश्न छळत होता: पंढरपूरचा विठोबा सर्वांचा नसेल, तर येणारे स्वराज्य कोणाचे? त्यांनी महिनोन्‌महिने महाराष्ट्राचा दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, ते सुटले आणि विठ्ठलमंदिराची वाट मोकळी झाली. मिठासाठी तुरुंगात गेलेला माणूस दरवाजासाठी उपाशी बसला. १९३० च्या दोन नोंदी एका आयुष्यात एकत्र आल्या त्या अशा.

२६/
कायद्याची चाल संथ होती. मुंबई प्रांताचा १९३८ चा कायदा विश्वस्तांनी मनावर घेतले तर मंदिर खुले करण्याची वाट देत होता. १९४७ च्या मुंबई हरिजन मंदिर प्रवेश कायद्याने प्रवेश हा हक्क ठरवला आणि अडवणूक हा गुन्हा. मग संविधान आले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्याने दुकाने, विहिरी, रस्ते खुले असल्याचे सांगितले. पंचविसाव्याने सार्वजनिक हिंदू देवस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. या मसुद्यामागे ज्या समितीचे परिश्रम होते, तिचे अध्यक्ष २ मार्च १९३० रोजी बंद दरवाजासमोर उभे राहिले होते.

२७/
या तारखेचे नाशिकबाहेरचे दोन पडसाद नोंदवायला हवेत. २ मार्च १८०७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी गुलामांच्या आयातीवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. तो १ जानेवारी १८०८ पासून अमलात आला. गुलामगिरी स्वतः मात्र पुढे सत्तावन्न वर्षे टिकली. बंदरातले जहाज थांबले, शेतावरची साखळी सुटली नाही. बोले ठराव आणि महाडचे तळे यांच्यामधले अंतर ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

२८/
दुसरा पडसाद अधिक जवळचा. २ मार्च १९५५. अमेरिकेतील अलाबामा राज्यातले मॉन्टगोमेरी शहर. क्लॉडेट कॉल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय शाळकरी मुलगी बसमधून घरी निघाली होती. गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्यास तिने नकार दिला आणि पोलिसांनी तिला अटक केली. रोझा पार्क्स यांची प्रसिद्ध घटना त्यानंतर नऊ महिन्यांनी घडली. बसमधील वर्णभेद ज्या खटल्यात घटनाबाह्य ठरला, त्या खटल्याच्या चार वादींपैकी कॉल्व्हिन एक होती. सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब १३ नोव्हेंबर १९५६ चे. नागपूरच्या दीक्षेनंतर बरोबर तीस दिवसांनी.

२९/
नाशिकच्या पंचवीस वर्षांनंतर, त्याच तारखेला, हजारो मैलांवर एक मुलगी एका बाकावर बसून राहते. दोन घटनांत कार्यकारणसंबंध काही नाही. तारीख जुळणे हा योगायोग. पण दिनविशेष वाचण्याचा खरा लाभ योगायोगाच्या कौतुकात नसतो. शेजारी ठेवलेल्या घटना एकमेकींवर प्रकाश टाकतात, तो लाभ मोठा. दरवाजासमोर बसणे आणि बाकावरून न उठणे ही एकाच वाक्याची दोन भाषांतील रूपे आहेत: येथे मला जागा आहे.

३०/
सरोजिनी नायडूंच्या नोंदीकडेही आता पुन्हा पाहता येईल. २१ मे १९३० रोजी धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रहींचे नेतृत्व त्यांनी केले. लोखंडी टोकांच्या लाठ्या डोक्यावर पडत असताना एकामागून एक रांग पुढे जात होती. एका तारखेने त्यांचे निधन नोंदवले. तीच तारीख एकोणीस वर्षांपूर्वी त्या लढ्याच्या पूर्वसूचनेची होती. आणि त्याच तारखेला नाशिकच्या त्या पाचशे स्त्रियाही चालल्या होत्या. त्यांतील बहुतेकींची जन्मतारीखही कोठे लिहिलेली नसेल, मग पुण्यतिथीची गोष्ट दूरच.

३१/
म्हणून दिनविशेषाची यादी कधीच निर्दोष नसते. ती करणारा कोणाला आठवतो आणि कोणाला वगळतो, यावर ती ठरते. १९३० साठी केवळ दांडी लिहिली तर स्वातंत्र्य म्हणजे परकी सत्तेपासून सुटका एवढाच अर्थ उरतो. केवळ काळाराम लिहिले तर त्या वसंतात साऱ्या देशात उठलेली लाट दिसत नाही. दोन्ही लिहिले की कळते, या देशाने एकाच रविवारी दोन स्वातंत्र्ये मागितली होती. एक सतरा वर्षांनी मिळाले. दुसऱ्याचा कायदा झाला. त्याचे काम अजून चालू आहे.

३२/
आज काळाराम मंदिरात कोणालाही जाता येते. द्वारकेहून रिक्षा केली तर तीन किलोमीटरच्या आतला प्रवास. पुढच्या वेळी जाल तेव्हा पूर्व दरवाजाशी क्षणभर थांबावे. आत जाताना आपण जो उंबरठा सहज ओलांडतो, त्याच्या बाहेर लोक साडेपाच वर्षे बसले होते.

३३/
आपल्या घरात, गावात या सत्याग्रहाची आठवण असेल. आजोबा-पणजोबा किंवा आजी-पणजी त्या मिरवणुकीत चालल्याचे ऐकले असेल, तर खाली अवश्य लिहावे. पंधरा हजारांतली फार थोडी नावे आपल्याला ठाऊक आहेत. उरलेली जेथे सापडतील तेथून वेचायची आहेत.

#२मार्च #काळाराम_सत्याग्रह #दांडीयात्रा #दिनविशेष